ओट्यासमोरची भिंत

घाटनांदूरचं आमचं घर दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा मला अंबाजोगाईचा आर्किटेक्टच हवा होता. बायकोच्या आग्रहाखातर मी गावातल्या एका मिस्त्रीलाही घर दाखवायला बोलावलं.

पन्नाशीचा, सडपातळ माणूस होता. चपला बाहेर काढून आत आला. बोटांनी भिंत वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. स्वयंपाकघरात तो ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, "ताई, हितं उभं राहून तुमाला काय दिसतं?"

"भिंत," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून भिंतच बघतेय."

मग ती बोलतच राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येतं, पण कोण चाललंय ते दिसत नाही. दिवस कधी मावळला तेही कळत नाही. यातलं एक अक्षर तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. तो मन लावून ऐकत होता आणि ती हसत होती. मला ते बघवेना.

"ह्या भिंतीत खिडकी काढणं लई सोपं हाय, ताई," तो म्हणाला.

काम मी आर्किटेक्टला दिलं. खिडकी मात्र मीच सांगून त्या भिंतीत करून घेतली.

पुढे एकदा तो मिस्त्री एसटी स्टँडवर भेटला. "ताईंची खिडकी झाली का, सर?"

"झाली," मी म्हणालो.

"लई बेस झालं," म्हणत तो मनापासून हसला. काम मला का दिलं न्हाई, असं त्यानं विचारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.