गोळी आणायला खांडबाऱ्याला

मेडिकलच्या काउंटरमागे इतकी वर्षं काढली की औषधांबरोबर किस्सेही साठत जातात. एक्स्पायरी झालेला माल कंपनी परत तरी घेते, किस्से परत घ्यायला कोणी येत नाही!

नंदुरबारला आमचं दुकान. पाटीवर नवऱ्याचं नाव, फार्मसीचं लायसन माझं. नवरा मिरची मार्केटला व्यापारात, दुकानात मी. त्यामुळे पुरुषांच्या ‘त्या’ गोळीसाठी आलेल्या माणसाला पहिला धक्का मलाच बघून बसतो.

“भाऊ नहीत का?”

“नहीत. मी शे ना, बोला.”

मग माणूस भलतंच काहीतरी घेऊन जातो. टूथपेस्ट, कापूस, खोकल्याचं औषध. एकाने तर घाईघाईत लहान बाळाचं ग्राइप वॉटर मागितलं. घरात बाळ नव्हतं, त्याच काळजीने तर बिचारा आला होता!

माझे नियम दोन. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर गोळी नाही. आणि चिठ्ठी असली तरी एक प्रश्न, “छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे का?” कारण दोन्ही एक-दोन दिवसांच्या आत अंगात गेल्या तर बीपी असं कोसळतं की माणूस उठेलच याची खात्री नाही. खरं उत्तर मात्र कोणी देत नाही.

“मले काय धाड भरनी शे?”

सगळे ठणठणीत! त्यातला एखादा खोटं बोलत असणार, याची भीती मला दुकान बंद केल्यावरही सोडत नाही.

*

ओळखीच्या दुकानात नको म्हणून नंदुरबारची माणसं गाडीने खांडबाऱ्याला जातात. खांडबाऱ्याची आमच्याकडे येतात. रेल्वेची तेवढीच कमाई!

आमच्या मागच्या गल्लीतले दोघे शेजारी एकदा खांडबारा स्टेशनवर समोरासमोर आले. दोघांच्या हातात मेडिकलची कागदी पिशवी.

“आठे कसा काय?”

“पाहुनासकडे येल व्हतू. तुमी?”

“मीबी पाहुनासकडेच!”

परतताना दोघे वेगवेगळ्या डब्यांत बसले. इतक्या वर्षांचा शेजार, पण एका बाकावर बसून दुखणं बोलता आलं नाही.

*

एक शेतकरी दादा मात्र सरळ भांडायलाच आले.

“ताई, तुमनी गोयी खोटी शे! काहीच झायं नही.”

“कव्हय लिन्ही?”

“जेवन झायावर लगेच.”

“काय जेवले होते?”

“खापरनी पुरनपोयी. तूप. आमरस.”

“आणि?”

“आनि काय, झोपी गऊ!”

मी समजावलं. भरल्या पोटी, त्यातून तुपातुपाचं खाल्लं की ही गोळी उशिरा लागू पडते. आणि ती काही बटण नाही; मनात ओढ नसेल तर नुसती गोळी काही करत नाही. शेवटच्या वाक्यावर दादांनी पिशवी उचलली. “मंग ती आते कोठून आनू?” म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

*

तिशीतला एक बँकेतला मुलगा. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. चिठ्ठी नव्हती, म्हणून मी त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. तिथे रक्त तपासलं तर साखर भरमसाट वाढलेली. ही तक्रार कधी कधी साखरेची नाहीतर हृदयाची पहिली खूण असते, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं.

मला वाटलं, खचून येईल. हा तर हसत आला!

“मॅडम, बरं झालं साखर निघाली. घरी सांगायला काहीतरी नाव मिळालं.”

*

एकदा दुपारी नवऱ्याचा मार्केटमधून फोन. “अगं, ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?”

“कोणाला हवीय?”

“मित्राला.”

मी नीट सगळं सांगितलं. त्यानेही नीट ऐकून घेतलं. कोणता मित्र, ते मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.

*

आता गुरुजी. मागच्याच गल्लीत राहतात, चौथीत मला शिकवलेलं. छातीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेत. धाकट्या मुलाचा साखरपुडा होता, अंगण पाहुण्यांनी भरलेलं, मीही गेले होते. व्याह्यांशी बोलता बोलता गुरुजी छाती धरून खुर्चीतच वाकले.

थोरला मुलगा घरातून जिभेखालची गोळी घेऊन धावला. “आबा, आ करा!”

गुरुजींनी दात आवळले.

“आबा, हट्ट नका करू!” तो रडायच्या बेताला आला. घामाने गुरुजींचा सदरा भिजलेला, पण तोंड काही उघडेना.

मला माझा काउंटरवरचा प्रश्न आठवला. मी खाली बसून कानाशी विचारलं, “गुरुजी, दुसरी कोणती गोळी घेतलीत का?”

त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं, होणाऱ्या सुनेकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

तेवढ्यात गुरुजींची बायको, आमच्या काकू, पुढे आल्या. त्यांनी मुलाच्या हातातली गोळी काढून घेतली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ती देऊ नका. त्यासनी काल ती दुसरी गोयी खायेल शे. मरदपनानी. मीच सांगेल व्हतं आनाले!”

बायकांनी पदर तोंडाला लावले. व्याही खाली बघत राहिले. आम्ही गुरुजींना गाडीत घातलं, दवाखान्यात डॉक्टरांना आधी हेच सांगितलं, त्यांनी उपचार त्याप्रमाणे केले. गुरुजी वाचले.

त्यांच्या गोळ्या न्यायला आता काकू येतात. परवा मी विचारलं, “गुरुजी कसे आहेत?”

“बरा शेतस. तो दिनपाईन मन्हासंगे बोलतस नही.”

काकूंनी गोळ्या पिशवीत ठेवल्या, पदर सारखा केला.

“नही बोलोत, माय. घरमा खोकतस ते आयकू येस.”