काकांचं सर्पगंधेचं संशोधन

माझ्या मुलीच्या यकृतात साखर साठते, पण गरजेला बाहेर पडत नाही. ग्लायकोजेनचा जन्मजात आजार. त्यावर दर चार तासांनी थंड पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लॉवर प्यायचं. ती अकरा वर्षांची झाली, तरी नातेवाइकांना हा इलाज फडतूस वाटतो. आजार एवढा मोठा आणि औषध किराणा दुकानातलं!

दिवाळीनंतर लासूर स्टेशनचे माझे चुलते घरी आले. अडतीचा धंदा, आवाज लिलावाचा. त्यांनी पेपरातलं कात्रण टेबलावर ठेवलं. वनस्पतीपासून काढलेलं ब्लडप्रेशरचं एक औषध या आजारावर उपयोगी पडेल का, हे शास्त्रज्ञ उंदरांवर तपासत होते. काकांनी 'का' आणि 'उंदीर' वगळून सगळी बातमी पाठ केली होती. सोबत सर्पगंधेच्या मुळ्यांची पिशवी.

"पण बातमीत वनस्पतीचं नाव कुठंय?" मी म्हणालो.

"बीपीची वनस्पती म्हंजे हीच. दुसरी कोणती असणार?"

"डॉक्टरांना विचारू आधी."

"त्याला कळत असतं तर पोरीला पीठ पाजलं असतं व्हय?"

खरं सांगतो, ते कात्रण मी तीनदा वाचलं. बापाचं मन आशेला लवकर भुलतं. मुलीनं मात्र शांतपणे विचारलं, "आजोबा, तुम्ही खाऊन पाहिलं?"

काका बाजारात कधी मागं हटलेले नाहीत. सकाळची बीपीची गोळी पोटात असताना त्यांनी वर चमचाभर मुळीचं चूर्ण घेतलं. दुपारी जेवायला उठले आणि भिंत धरून खालीच बसले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हे कुणी दिलं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा माझी बायको म्हणाली, "संशोधन चालू होतं."

संध्याकाळी सलाईन लावलेले काका म्हणाले, "मुळीत लई दम हाये, एवढं तर मान."

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनीही बातमी वाचली होती. "उंदरांपासून माणसापर्यंत यायला वेळ लागतो," ते म्हणाले. "कामाचं काही निघालं तर मीच फोन करीन."

आता काका रोज लासूरहून विचारतात, "आला का त्याचा फोन?"

मी म्हणतो, "नाही अजून."

मग फोन ठेवून मी पुढचं कॉर्नफ्लॉवर कालवायला उठतो.