एंजेलाताईंनी उघडलेला फोन

तिसगावच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला खेटून एंजेलाताईंचं मोबाईल दुरुस्तीचं टेबल. बाई तिखट. गिऱ्हाईक बसलं की आधी कंपन्यांना शिव्या. "चार वर्सं झाली न्हाई तर अपडेट बंद! मेसेजचं ॲप म्हनतं, फोन जुना झाला. चांगला चालता फोन उकिरड्यावर टाकायचा व्हय?" मग त्या फोनला कंपनीनं घातलेलं कुलूप तोडतात आणि कुठकुठल्या हौशी लोकांनी फुकट बनवलेली नवी सिस्टिम त्यात भरतात. फोन पुन्हा मेसेज घ्यायला लागतो. कंपन्यांना हे आवडत नाही, म्हणूनच ताईंना जास्त आवडतं. अट एकच, ज्याचा फोन त्यानं स्वतः समोर बसायचं.

मोनिका गेल्या उन्हाळ्यात अशीच आली. लग्नाला वर्ष झालेलं, माहेर लांब जामखेडकडं, फोन भावानं वापरून दिलेला. ताईंनी तो उघडून दिला. आईचा पहिला मेसेज आला तेव्हा पोरगी दुकानातच खुदकन हसली.

महिन्याभरानं तिचा नवरा वैजनाथ तोच फोन घेऊन एकटाच आला.

"ताई, हिच्या फोनातलं समदं माझ्या फोनात दिसलं पायजे. कुनाला काय लिवती, समदं. तुमी उघडलेला फोन हाय, कायबी टाकता येतं म्हनं त्यात."

"येतं. पन तिला घिऊन या. ती म्हनली तर टाकते."

"बायको माजी हाय."

"फोन तिचा हाय. उठा."

पुढं तो जे बोलला ते लिहिण्याजोगं नाही. बाईमाणसानं दुकान मांडण्यापासून ताईंच्या चर्चपर्यंत सगळं काढलं. मी खाली मान घालून झेरॉक्स काढत राहिलो. त्या माणसाची मला चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची.

पाथर्डीत कुणीतरी त्याचं काम पाच मिनिटांत करून दिलं. मोनिकाला ते कळलं कसं, तर तिनं आईला लिहिलेलं एक वाक्य त्यानं जेवताना तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी ती ताईंसमोर येऊन बसली. ताईंनी लपवलेलं ॲप शोधून उपटून टाकलं आणि नवा पासवर्ड घालून असा बंदोबस्त केला, की बाहेरचं काहीच त्यात टाकता येऊ नये. "आता त्याचा बाप आला तरी उघडायचा न्हाई," त्या म्हणाल्या. मलाही फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी मोनिका परत आली. वैजनाथ रस्त्यापलीकडं मोटारसायकलवर बसून इकडंच बघत होता.

"ताई, ते ॲप परत टाका."

"त्यानं सांगितलं?"

"आठ दिस फोन कपाटात कुलपात हुता. आय तिकडं रडून बेजार. आज हातात दिला आन म्हनले, टाकून आन, मग वापर." तिनं आवाज खाली आणला. "वाचू द्या त्यास्नी. मला आयसंगं बोलायचंय."

"पोलिसात चल. मी येते संगं."

"आन रातच्याला ऱ्हाऊ कुठं?"

  ताईंनी तो फोन घेतला, तिला पासवर्ड टाकायला लावला आणि ज्या गोष्टीवरून एवढ्या शिव्या खाल्ल्या, ती स्वतःच्या हातानं त्यात घातली.  पोरीनं पैसे विचारले तर ताई तिच्यावरच खेकसल्या.

मोनिकानं तिथंच आईला मेसेज लिहायला घेतला. लिहिताना ती हळू पुटपुटत होती, म्हणून मला ऐकू आलं. "आई, मी सुखात हाय. हे लई जीव लावतात."

पलीकडं वैजनाथनं खिशातून फोन काढला, वाचला आणि खूश होऊन मोटारसायकलला किक मारली.