मामांची काजळी

माझ्या बायकोच्या मामांइतकं काजळीवर प्रेम केलेला माणूस भूतलावर दुसरा झाला नसेल. चेन्नईतल्या गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात चाळीस वर्षं ते रबरात काजळी मिसळत होते. ती त्यांच्या नखांत होती, पंचांगाच्या पानांवर होती. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या झब्ब्यावर उमटलेली चार काळी बोटंही त्यांचीच. कुणाकडे गेले की आधी दारातल्या चपलांचे तळ वाकवून बघत. एकदा जेवायला आले ते आमच्या कुकरची रिंग ताणत बसले, सांबार निवलं.

तंजावरच्या जुन्या वळणाचं मराठी ते तमिळ हेलात बोलत आणि मला ‘माप्पिळै’, म्हणजे जावईबापू, म्हणत. त्यांनी एकदा माझ्या हाती दोन पट्ट्या दिल्या. मधाच्या रंगाची, नुसत्या रबराची, कडेला नख लावून ओढताच फाटली. काळीशी झटून मी लाल झालो.

“दमलात, माप्पिळै? आत पोलाद नाही, नुस्ती धुराची पूड! एकेक कण रबराचे धागे धरून बसतो. गुठळी राहिली की मात्र तिथूनच फाटतं.” मग देवळात बोलावं तसं हळू म्हणाले, “पण अय्यो, धुराला एवढं बळ येतं कुठून?”

दोन वर्षांपूर्वी माझी बायको पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण आमच्या अड्यारच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर काठी सरके, म्हणून ती उठेना. आता चालल्या नाहीत तर कायमच्या बसतील, असं डॉक्टर म्हणाले. काठीच्या टोकाचं रबर मामांनी अंगावर घेतलं.

“काळं नको हं मामा, फरशीला डाग पडतात,” बायकोनं बजावलं. भाचीला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. त्यांनी आयुष्यात प्रथमच काजळीवाचून रबर केलं. बाराव्या दिवशी ते घासून लाकूड उघडं पडलं, काठी घसरली. चौकट हाताला लागली म्हणून ती वाचली.

मामा जिन्यात बसून राहिले. “तुझं मन राखलं कण्णा, पोरी, काठी राखली नाही.”

निवृत्त होऊनही ते कारखान्यात गेले. स्वतः काजळी मळली, सहा तुकडे कापून आत गुठळी नाही ना बघितलं आणि सातवा घेऊन आले. बायको त्यावर चालू लागली, प्रत्येक पावलाला काळी टिकली उमटवत.

“बघा ही घाण!” ती म्हणाली.

“सतरा!” मामा तिच्यामागून वाकून टिकल्या मोजत होते. “अठरा! सरी, छान, अजून चाल!”

मामा गेले त्याला आठ महिने झाले. रबर अजून झिजलेलं नाही. काल कामवाल्या बाई रॉकेलचा बोळा घेऊन त्या टिकल्यांपाशी बसल्या, तशी बायको आतून काठी टेकत आली.

“ते राहू दे, अम्मा,” ती म्हणाली, आणि दाराकडे निघाली. तिच्यामागे कुणीतरी असायला हवं, म्हणून मी वाकून मोजू लागलो. पंचवीसच्या पुढे मला नीट दिसेना.