न हलणारा ठिपका

काल कोपरी गावात मोबाईल दुरुस्त करणारा तारांना सोल्डरिंगचा डाग देत होता. त्या धुराच्या वासाने शेजारच्या दामलेंची खोली आठवली.

त्यांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी संदेश पाठवायचा नाद; खोलीत कायम असंच डाग देणं चालायचं. माझ्या नवऱ्याच्या होडीवर त्यांनी एक डबा बसवलेला. तो रेडिओवरून होडीची जागा कळवायचा आणि दामलेंच्या कॉम्प्युटरवरच्या नकाशात ठिपका दिसायचा.

वादळ झालं, होडी परतली नाही. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले. ठिपका हलत नव्हता.

"जाळं लावून थांबलाय," मी हसले. "आमच्या होड्या अशाच उभ्या राहतात. तुम्ही उगाच तोंड पाडून बसलात."

"वहिनी, डबा बंद पडला तरी शेवटचा ठिपका तसाच राहतो."

लोक त्या जागी जाऊन आले. नुसतं पाणी होतं. नवरा बुडाला तिथेच ठिपका थांबलेला, आणि मी त्याला बघून हसलेले.