अस्सल बरहुकूम पाखरं

आमच्या बैठकीच्या भिंतीवर पाखरं आहेत. खंड्या, हुदहुद, नीलकंठ, पिंगळा, सगळी आपापल्या फांदीवर गप्प बसलेली. नवीन माणूस घरी आला की आधी अगदी जवळ जाऊन बघतो आणि विचारतो, "छापील आहेत का?" मग आमचे हे खुर्चीतूनच सांगतात, "नाय. नक्कल हाय." एवढंच. हाताने काढलीत, एकेका पंखापायी दुपारच्या दुपार गेलीय, हे सांगायचं काम माझ्याकडे. मीही ते हौसेने करते, थोडं तिखटमीठ लावून करते.

हे वैजापूरच्या तहसीलमध्ये नक्कल शाखेत होते. झेरॉक्स यायच्या आधी जमिनीचे जुने कागद हातानेच उतरून द्यावे लागत. मूळ कागदात 'वडील'चं 'वडिल' झालेलं असलं तर नकलेतही 'वडिल'च. कागद फाटका असला तर 'येथे कागद फाटला आहे' असं लिहायचं, मनाने शब्द भरायचा नाही. गावांचे नकाशेही हेच उतरायचे, नाल्याला निळा, रस्त्याला तांबडा, बारीक निबाने. उतरून झालं की रुजुवात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून जुळवत जायचं. मग खाली लिहायचं 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणे हुबेहूब, आणि त्याखाली दोन सह्या, एक नक्कल करणाराची, एक रुजुवात घेणाराची.

अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते यावरून कळावं. भाजी चांगली झाली तर बोलणार नाहीत. मीठ कमी पडलं तर "मीठ कमी हाय" म्हणतील, आणि पुढे जेवायला लागतील. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्यावर रडले, नंतर भांडले, आणि मग सवय झाली.

रिटायर झाल्यावर आम्ही संभाजीनगरला आलो. इथे हे पार कंटाळले. मुलीनं त्यांना इंग्रजांच्या काळातल्या पुस्तकांमधली पाखरांची चित्रं इंटरनेटवरून काढून दिली, क्रांती चौकातल्या दुकानात चांगल्या जाड कागदावर छापून. तिला वाटलं, बघत बसतील. यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे उतरता येईल."

आणि उतरलं. पाखरू, फांदी, खालचं तिरक्या अक्षरांतलं नाव, आणि त्या जुन्या कागदावर पडलेले तपकिरी डागसुद्धा.

"अहो, डाग कशाला?"

"मुळात हायेत."

रुजुवात घ्यायला दुसरं कोण मिळणार? मलाच बसवलं. मी चष्मा लावून छापील चित्र पुढ्यात घ्यायची आणि पाखरू वाचायची. "चोच काळी, टोकाला वाकडी. गळ्याखाली तांबूस, कडेला फिकं होत गेलेलं. पंखावर पांढरे पट्टे, खालचा अर्धाच." यांचं बोट नकलेवरून फिरायचं. "हाय. हाय. हाय." शेवटी दोघांच्या सह्या. जन्मभर मला चिमणी, कावळा आणि 'दुसरं काहीतरी' एवढीच पाखरं माहीत होती. आता गच्चीवर कपडे वाळत घालताना तारेवर कोण बसलंय ते मान वर न करता सांगते. हे मला या माणसानं दिलं, आणि मला त्याचं फार कौतुक आहे. तोंडावर सांगितलेलं नाही, शेफारतील.

मागच्या वर्षी यांचा हात हलायला लागला. आधी कपबशी वाजायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वयाचं कारण सांगितलं. तेव्हा स्वर्गीय नर्तक या पाखराची नक्कल चालू होती. काळंभोर डोकं, शेंडी, पांढरं अंग, आणि अंगापेक्षा कितीतरी लांब शेपटीच्या दोन फिती. फितींच्या कडेची काळी रेघ वरून खालपर्यंत एका दमात ओढावी लागते. यांनी चित्र पुरं केलं आणि मला हाक मारली.

शेपटी मला बसायच्या आधीच दिसली. तरी मी सगळं वाचलं, आणि शेवटी म्हणाले, "दोन फिती, पांढऱ्या, कडेला काळी रेघ. बरोबर."

यांचं बोट थांबलं. "रेघ कशी हाय?"

"सरळ."

यांनी पेनला टोपण लावलं. "तू रुजुवात घेतली नाय. माझी समजूत घातली."

ब्रश रबरात बांधून कपाटावर गेले. चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. हे दिवसभर टीव्हीसमोर बसायचे, बातम्या बघायचे आणि कशावरच काही म्हणायचे नाहीत. एकदा मी भाजीत मीठ घालायचंच विसरले. यांनी गुमान जेवून ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्ही बंद केला. नक्कल त्यांच्या मांडीवर ठेवली, मूळ चित्र आणि चष्मा घेऊन समोर बसले आणि न विचारता सुरुवात केली. चोच, शेंडी, डोळ्याभोवतीचं निळं कडं. मग शेपटी. "उजवी फीत. मुळात रेघ सरळ. नकलेत निम्म्यावर हललीय. खाली परत हललीय, जास्तच. टोकाला काळा रंग बाहेर गेलाय."

यांचं बोट कागदावर आलं. "हाय," म्हणाले. "हाय. हे बी हाय." आणि मग, "डाव्या फितीला बी एक हाय. ते तू सोडलंस."

"मग लिहा," मी म्हणाले.

त्यांनी पेन मागितलं. अक्षरंही हलत होती, तरी एकेक करून लिहीत गेले: 'मुळात रेघ सरळ आहे. नक्कल करणाराचा हात हलतो. बाकी अस्सल बरहुकूम.' सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी खाली माझी केली. ब्रश उतरवायला स्टूल मीच धरलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

मी मुद्दामच कमी घातलं होतं.