रांगोळीच्या तीन पुड्या

लेखनाचा मला सराव नाही. आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले आणि आता साठीच्या उंबरठ्यावर स्वतः लिहायला बसले आहे. हे धाडस वाचकांनी पोटात घालावे.

माझा थोरला भाऊ, वसंतदादा, गेला त्याला दीड महिना झाला. त्या सकाळी चाकणहून वहिनीचा फोन आला, तेव्हा त्यालाच दवाखान्यात न्यायला म्हणून मी आकुर्डीच्या घरात गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते. "हे उठतच नाहीयेत गं," इतकेच ती म्हणाली...

चाकणच्या एका कारखान्यात दादाने तीस वर्षे गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेतली. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी, औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर, तो स्वतःची चाचणी घेई. मी शेजारी बसून अवचित "थांब" म्हणायचे आणि रांगोळीची कागदी पुडी खिडकीबाहेर टाकायची. त्याचा पाय ब्रेकवर पडला की दुसरी, गाडी थांबली की तिसरी. मग उतरून तो पावलांनी अंतरे मोजी. "दुसरी ते तिसरी, हे ब्रेकचं. वेग वाढला, रस्ता ओला असला, की ते लांबणारच. पहिली ते दुसरी मात्र माणसाचं. त्याला कुठलाही मेकॅनिक नाही, शाले."

गेल्या वर्षी एका रविवारी पहिल्या दोन पुड्यांमधले वाढलेले अंतर तो तीनदा चालला. मग त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"अरे, मला सायकलसुद्धा धड येत नाही."

"म्हणूनच. तुला वाईट सवयी नाहीत. भीती आहे, ती राहू दे."

अशी मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. दादा डावीकडे बसे आणि पुढचे वाहन जवळ आले की त्याचा उजवा पाय खालची रबरी मॅट दाबे, जणू तिथेही ब्रेक होता. "म्हाताऱ्याचा पाय तुझ्याआधी पडतो. लाज वाटू दे थोडी," असे वर चिडवी.

तेराव्यानंतर मी गाडी आतून धुतली, मॅट उन्हात वाळवली. तेव्हापासून डावीकडे कोणीही बसलेले नाही. परवा भर दुपारी, तेराव्यानंतर प्रथमच गाडी घेऊन, एकटी वहिनीकडे निघाले. पुढे एक कंटेनर होता. त्याचे मागचे दिवे लागतच नव्हते. तो जागीच थांबला आहे हे मला उमगले, तेव्हा माझा पाय आधीच ब्रेकवर होता... मध्ये हातभर जागा उरली. पहिली आणि दुसरी पुडी त्या दिवशी एकाच जागी पडली असती.

डावीकडे पाहिले. मॅटवर टाचेची पांढरी खूण होती. बोट लावले, तर भुकटी रांगोळीसारखी खरखरीत.

मी तर्क मानणारी बाई आहे. मॅट नीट धुतली गेली नसेल, हेही मला कळते. वहिनी म्हणते, "झटकून टाक आणि निर्धास्त चालव." पण निर्धास्त चालवणे दादाला कधीच मान्य नव्हते. उद्या तिला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे आहे. ती त्याच सीटवर बसेल.

त्याआधी मी ती मॅट झटकू का?